इस्त्रीतला अभ्रक, ओटीतला रुपया

विहीणबाई, तुमचं दहावं आटोपून काल संध्याकाळी मी जळगावला परत आले. दोंडाईचाहून गाडी सुटली, शिंदखेडा मागे पडलं आणि माझा हात सवयीने पिशवीत गेला. तुमच्या घरून मी कधी रिकामी आले नाही. ज्वारीच्या बिबड्या पापडांची चळत, लाल मिरच्यांची पुडी, काहीच नाही तर चार लिंबं तरी तुम्ही निघताना घुसडायचातच, आणि मी नको नको म्हणत पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहायची. या खेपेला पिशवीत माझी बदलायची साडी आणि चष्म्याचं घर तेवढं होतं. वैशूच्या लक्षात आलं नाही. तिच्यामागे आत्ता इतकी कामं आहेत की मीही काही म्हटलं नाही.

समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "कोणाकडे गेला होतात?" म्हटलं, "माझी विहीण गेली." त्या "अरेरे" म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिल्या. विहिणीच्या मरणाला जातात, डोळ्याला पदर लावतात, पण ते सगळं बेताचं असतं. मी अमळनेर येईपर्यंत रडत होते. मला बेताचं जमलं नाही, म्हणून आज शिवणाच्या वर्गाला सुट्टी देऊन तुमच्याशी बोलायला बसले आहे. तुम्ही मध्ये बोलणार नाही, ही पहिलीच वेळ.

खरं सांगू? आमच्या वैशूला तुमच्या हेमंतसाठी बघायला आलात, तेव्हा तुम्ही मला अजिबात आवडला नव्हतात. मेहरूणच्या आमच्या दोन खोल्यांत तुम्ही आलात आणि तुमच्यामागे मिरचीचा वास आला. तुमच्या यजमानांचा, आबांचा मिरचीचा व्यापार, घराशेजारीच मिरची वाळवायची पथारी, तिथे वाळत पडलेल्या मिरच्यांवरून वारा यायचा तो तुमच्या साड्यांतच मुक्काम ठोकायचा. माझे यजमान लागोपाठ शिंकले. आणि तुम्ही काय करत होतात, तर चहाची बशी उलटी करून तिचं बूड बघत होतात. मग तांब्याचं बूड बघितलंत. मग टेबलावरचं घड्याळ उचललंत आणि त्याचीही पाठ बघितलीत. मी आत जाऊन यजमानांना म्हटलं, "बाई किमती काढतेय." पुढे कळलं की तुम्हाला कुठलीही वस्तू दिसली की ती उघडते कुठून, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पण त्या दिवशी मी मनात तुमच्या नावावर काट मारली होती. वैशूला हेमंत आवडला, म्हणून गप्प बसले.

लग्नाला माझा भाऊ मस्कतहून आला आणि भाचीसाठी मायक्रोवेव्ह घेऊन आला. आमच्या गल्लीत कोणी ती वस्तू पाहिलेली नव्हती. रुखवतात सांजोऱ्यांची चवड आणि क्रोशाचे रुमाल यांच्यामध्ये ते पांढरं खोकं आम्ही मांडलं आणि मांडवातल्या बायका नवरी सोडून त्याच्याभोवती जमल्या. "टीव्ही शे का?" "मंग चित्र कोठे दिसस?" भाऊ सगळ्यांना कौतुकाने समजावत होता. मला त्याने आदल्याच दिवशी बजावलं होतं, "अक्का, यात धातूचं भांडं ठेवायचं नाही हं. स्टील नाही, पितळ नाही, काही नाही." मी मान डोलावली होती.

पण पाठवणीची वेळ आली आणि मला ते खोकं रिकामं दिसलं. लेकीबरोबर रिकामं भांडं द्यायचं नसतं, हे काय मला कोणी शिकवायला हवं होतं? हंड्यात गहू घातले, डब्यात लाडू घातले, आणि या नव्या वस्तूलाच काय म्हणून उपाशी धाडायचं? मी तिचं दार उघडलं, आत ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि वर एक रुपया. भांडं ठेवू नकोस असं भाऊ म्हणाला होता. रुपया म्हणजे काही भांडं नव्हे. दार लावलं, हळदीकुंकू वाहिलं आणि डोळे पुसले.

पुढचं मी पाहिलं नाही. तुम्ही एक सांगायचात, वैशू दुसरंच सांगायची, पण दोघींच्या सांगण्यात एवढं सारखं होतं. सत्यनारायणाच्या दिवशी तुमच्याकडे शेजारपाजार गोळा झाला. मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दार उघडल्यावर आत ओटी दिसली. वैशू हळूच म्हणाली, "आई, हे काढून घेऊ का?" आणि तुम्ही म्हणालात, "माहेरनी ओटी शे ती. पहिले तिलेच ऊब लागू दे, मंग काढूत." आणि बटण दाबलंत.

निळ्या ठिणग्या उडाल्या. कडकड आवाज झाला, धूर निघाला आणि मशीन मुकं झालं. काशीआत्या, म्हणजे तुमच्या थोरल्या नणंद, किंचाळत अंगणात पळाल्या आणि तिथून त्यांनी निकाल दिला, "सूननी वस्तू पहिल्याच दिनले जयनी!" जळाली ती वस्तू, पण ऐकणाऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. नवी नवरी, हातावरची मेंदी उतरली नव्हती, आणि भरल्या घरात तिच्याकडे असं पाहिलं गेलं.

यातलं मला कोणी काही कळवलं नाही. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर आली होती. खान्देशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर शेजारीण आधी विचारते आणि मग स्वतःच उत्तर देते. वैशूची तर पहिली आखाजी. मी झोक्यासाठी दोर आणून ठेवला होता, मांडे करायला खापर काढून ठेवलं होतं. कधी धाडता म्हणून दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

आणि मग तो दिवस. मावशीला भुसावळकडे बसवून द्यायला मी स्टेशनवर गेले होते. सुरतेहून येणारी पॅसेंजर लागली. मावशी चढली आणि त्याच डब्यातून तुम्ही उतरलात. एकट्या. मागे हमाल, त्याच्या डोक्यावर गोधडीत गुंडाळलेलं आणि मिरचीच्या पोत्याच्या सुतळीने बांधलेलं एक चौकोनी ओझं. गोधडीच्या एका कोपऱ्यातून पांढरा पत्रा दिसत होता. तो पत्रा मी ओळखला. रुखवत परत आलं. आज वस्तू परत आली, उद्या माझी पोर परत येणार. फलाटावर तेवढाच एक विचार माझ्या डोक्यात होता.

तुम्ही मला पाहिलंत आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा केलात. "भेटनातच ना शेवट!" म्हणालात. "आते लपाडीसन काय उपेग."

मी विचारलं, "वैशू?"

"वैशू मजामा शे. पहिले बठा, पाणी प्या. तुम्हना तोंडवर रंग नई ऱ्हायना."

फलाटावरच्या बाकावर त्या ओझ्याच्या एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला मी, असं बसून तुम्ही सगळं सांगितलंत. ठिणग्या, धूर, आत्याबाईंचा निकाल. आणि त्यांनी पुढे घातलेली अट. माहेरून नवं मशीन येईल तेव्हाच सून आखाजीला जाईल. आबा बहिणीपुढे बोलत नाहीत, हेमंत आत्याच्या मांडीवर वाढलेला. तुम्ही कोणाशी वाद घातला नाहीत. मशीन गोधडीत बांधलंत आणि धुळ्याला नेलंत. तिथे एकाने नुसतं वरून बघून भंगारात काढा म्हणून सांगितलं. मग आता जळगाव. मला कळू न देता दुरुस्त करून गुपचूप परत न्यायचं, असा तुमचा बेत होता.

मी ऐकून घेतलं आणि उठले. म्हटलं, "एवढंच ना? भावाला कळवते, तो दुसरं धाडेल. नाहीतर माझ्या पाटल्या आहेत. नवं घेऊन टाकू."

"पाटल्या हातमाच राहू द्या," तुम्ही म्हणालात. "माले नवं नई जोयजे."

"तुम्हाला नको असेल, तुमच्या नणंदेला हवंय ना!"

"म्हनीसनच नको. आज मशीन दिधं का उद्या फ्रिज मांगतीन. मन्ह्या नणंदले मी वयखस."

तो आपला पहिला वाद. तो आपण रिक्षात घातला, माझ्या घरी जेवताना घातला आणि नव्या पेठेत दुकान शोधत फिरताना भर रस्त्यात घातला. माझं म्हणणं सोपं होतं. मुलगी माझी आहे, तिची पहिली आखाजी आहे, एक वस्तू फेकून तिला मोकळं करता येत असेल तर मी दहा वस्तू फेकीन. तुमचं म्हणणं होतं, अशाने ती मोकळी होत नाही, अडकते. प्रत्येक सणाला तिच्या येण्याजाण्याची काही ना काही किंमत निघत राहील. "तुम्हनी आंडेर शे, कबूल. पण सून मन्ही शे," असं म्हणून तुम्ही ताटातली भाकरी मोडलीत. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. पण तुम्हाला कढी आणखी वाढली, तेही खरं.

प्रल्हादभाऊंचं दुकान रेडिओ आणि टीव्हीचं. त्यांनी गोधडी सोडली, शिंकले आणि म्हणाले, "बाई, मी हे आजवर उघडलेलं नाही. नवीनच घ्या. उगाच आणखी बिघडलं तर मला बोल लावाल."

"मोडेलच शे ना भाऊ," तुम्ही म्हणालात. "आखो काय मोडशी तू?"

त्यांनी वस्तू ठेवून घेतली. आत वीज साठून राहते, कोणी हात लावायचा नाही, म्हणून आपल्याला काउंटरच्या बाहेरच बसवलं. तुम्ही मान लांब करकरून आत बघत होतात. फ्यूज उडाला होता, तो मिळण्यासारखा होता. पण आतल्या भिंतीवर अभ्रकाचा एक पातळ पत्रा असतो, तो जळून त्याला भोक पडलं होतं. तो कुठून आणायचा, यावर गाडं अडलं. प्रल्हादभाऊ म्हणाले, मुंबईला लिहावं लागेल, महिना तरी जाईल. आखाजी त्याच्या आत होती.

तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तुम्ही शिवन शिकाडतस. जुनी इस्त्री व्हई ना घरमा?"

होती. वर्गाची जुनी इस्त्री जळून माळ्यावर पडली होती. मोडीत घालायची म्हणून काढली होती आणि विसरले होते. तुमच्या घरच्या इस्त्रीची तार गेली तेव्हा ती तुम्ही उघडून पाहिली होती. तारेच्या वर आणि खाली अभ्रकाचे पत्रे असतात, एवढं तुमच्या लक्षात होतं. मी रिक्षा करून घरी गेले, माळ्यावर चढले आणि धुळीने माखलेली ती इस्त्री पदरात धरून दुकानात आणली. प्रल्हादभाऊंनी ती फोडली. आतला पत्रा एका बाजूने काळवंडला होता, पण हवा तेवढा चौकोन धड निघाला. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. माझं नवं तुम्ही घेतलं नाहीत आणि माझं जुनं मात्र हक्काने मागून घेतलंत. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. इस्त्रीची अडचण गेली म्हणून बरं वाटलं, इतकंच.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पुन्हा आलात आणि आपण मशीन बघायला गेलो. प्रल्हादभाऊंनी बटणावर बोट ठेवलं आणि नेमके दिवे गेले. आपण दोघी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. ऊन तापलं होतं. मनात मी गणपतीला नारळ बोलून घेतला. तुम्ही काय बोललात ते मी कधी विचारलं नाही. समोरच्या हॉटेलातून चहा मागवला, तो पिण्याची इच्छा कोणालाच झाली नाही आणि काचेच्या ग्लासात तो गार होऊन गेला. मग दिवे आले. प्रल्हादभाऊ म्हणाले, "तोच ग्लास द्या इकडे."

मशीन घुमायला लागलं. आतला दिवा लागला. आपण दोघींनी एकमेकींचा हात कधी धरला कोण जाणे, पण ग्लास बाहेर आला आणि त्यातून वाफ निघाली तेव्हा माझ्या बांगड्या तुमच्या मुठीत रुतलेल्या होत्या. तो चहा आपण बशीत ओतून अर्धा अर्धा प्यायलो. त्याला मिरचीचा वास येत होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगायची. तुम्ही म्हणायचात, खोटं, इस्त्रीचा वास येत होता.

निघताना प्रल्हादभाऊंनी तळहातावर एक रुपया पुढे केला. एका कडेला वितळलेला, काळा ठिक्कर. "हा आत सापडला. कोणाचा?"

"यासना," तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत.

"बटण यांनी दाबलं," मी म्हटलं.

त्या क्षणी आपला दुसरा वाद सुरू झाला आणि तो परवापर्यंत चालू होता.

आखाजीला वैशू आली. कडुलिंबाला झोका बांधला होता, त्यावर ती आधी बसली आणि मग घरात पाऊल टाकलं. मला काही सांगायची तिला गरज पडली नाही, पोरीचा चेहराच हलका होता. तुम्ही तिची ओटी भरून धाडली होती. मी ते तांदूळ सुपात ओतले, तर खण्णकन काळा रुपया पडला. म्हणजे चूक माझी. हा निवाडा तुम्ही परस्पर करून टाकला होता! मी दिवाळीला करंजीत भरून तो तुमच्याकडे परत धाडला. आबांचा दात थोडक्यात वाचला. पुढे नियमच पडला. रुपया जिच्या घरी, चूक तिची. मी तो तुमच्या ब्लाउजच्या अस्तरात शिवला होता आणि धुणं आपटताना तुम्हाला सापडला. वैशूच्या मनूच्या बारशाला तुम्ही माझ्या घुगऱ्यांच्या द्रोणात तो टाकलात. आपली वयं बघून लोक हसायचे. हसेनात का. दोन घरांमध्ये पुष्कळ काही जात-येत असतं, आपला रुपया जात-येत होता.

आणि काशीआत्या? मशीन घरी आलं त्या दिवशी तुम्ही पहिलं दूध त्यांचंच गरम करून त्यांच्या हातात दिलंत. त्या म्हणे पेल्यात बराच वेळ बघत राहिल्या आणि पिऊन टाकलं. आता त्या पार वाकल्या आहेत आणि सगळ्यांत जास्त मशीन त्याच वापरतात. परवा दहाव्याला हेमंत सहज म्हणाला, हे फार जुनं झालं, आता नवं घेऊ. कोपऱ्यातून आवाज आला, "कसाले? चालस ना हाई!" मी पटकन तुमच्याकडे बघायला वळले. तुम्ही तिथे नव्हतात. असं माझं दिवसातून पुष्कळदा होतं.

पण एक गोष्ट आपल्यात अडून राहिली. मी तुम्हाला विचारायची, "आणि नसतं झालं दुरुस्त, तर?" तुम्ही म्हणायचात, "व्हयनं ना? मंग!" आणि विषय बदलायचात. मला ते लागायचं. मनूच्या बारशाला मी जरा जास्तच बोलले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तरी मी म्हटलं, "विहीणबाई, माझ्या पोरीची पहिली आखाजी तुम्ही इस्त्रीच्या एका तुकड्यावर लावली होती. तुमचा हट्ट राहिला, पण जीव माझा टांगणीला होता." तुमचा चेहरा उतरला. तुम्ही आत गेलात आणि मनूची टोपी घडी करत बसलात. नंतर आपण पुन्हा बोललो, हसलो, रुपयाही फिरत राहिला. पण तो प्रश्न मी परत विचारला नाही आणि तुम्हीही त्याचं उत्तर दिलं नाही. मी मनात धरून ठेवलं होतं की या बाईने जुगार खेळला आणि नशिबाने जिंकला. बाकी सगळं तुमचं मला आवडत होतं. एवढं सोडून.

तुम्ही गेल्याचा फोन शेजारच्या घरी आला आणि मी पहिल्या गाडीने निघाले. या आखाजीला बिबड्यांच्या चळतीत घालून तुम्ही दिलेला रुपया माझ्या बटव्यात होता. पाळी माझी होती. दिवाळीला कुठे दडवायचा, हे मी ठरवूनही ठेवलं होतं.

तुम्ही ओसरीवर निजला होतात. आबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्या हातात तुमचा चष्मा होता. आबा आहेत, म्हणून तुमची ओटी भरायची होती, चांगली साडी नेसवायची होती. वैशूने मला आत बोलावलं. पलंगाखालून तिने तिची लग्नातली ट्रंक ओढली आणि झाकण उघडून तळाची हिरवी साडी काढली. साडीवरून हात फिरवत रडत रडत म्हणाली, "आईंनी ही ट्रंक भरून दिली होती ना मला, पहिल्या आखाजीला, तेव्हा हीच साडी वर ठेवली होती."

मी म्हटलं, "हो, मशीन दुरुस्त होऊन आलं, त्यानंतर."

"नाही गं," वैशू म्हणाली. "मशीन घेऊन धुळ्याला गेल्या, त्याच्या आदल्या दिवशीच भरली. आत्यांच्या देखत. मला म्हणाल्या, मशीन चालो का नको चालो, तू आखाजीले जाशीच, मी स्वतः लई जासू."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, आईंनी सांगितलंच असेल."

नाही सांगितलंत. मी भरल्या घरात तुम्हाला बोलले, तेव्हाही नाही. एक वाक्य बोलला असतात तर माझं तोंड बंद झालं असतं. का नाही बोललात, याचा मी या दहा दिवसांत पुष्कळ विचार केला. सांगितलं असतं तर तो उपकार झाला असता आणि मी पाटल्या काढायला पुन्हा उठले असते, असं तर नाही? की सुनेला माहेरी धाडणं ही तुम्हाला सांगण्यासारखी गोष्टच वाटली नाही? मला हे दुसरंच खरं वाटतं. तुम्हाला माझी पोर अडवून ठेवायचीच नव्हती. मशीन तर फक्त नणंदेचं तोंड बंद करायला हवं होतं. आणि मी मात्र त्याला तुमचा हट्ट समजत बसले.

बायकांनी हाक मारली. हिरव्या साडीत तुम्ही छान दिसत होतात. काशीआत्यांनी कुंकू लावलं. मग ताट माझ्यापुढे आलं. मी तांदूळ घेतले, सुपारी घेतली, हळकुंड घेतलं, खोबरं घेतलं आणि बटवा उघडला. काळा रुपया वरच होता. पाळी माझी होती, विहीणबाई. तुमच्या ओटीत तो घातला असता तर आपल्या नियमाने चूक कायमची तुमच्या नावावर गेली असती, आणि परत धाडायला तुम्ही नव्हतात. तुम्ही असतात तर अशी संधी सोडली म्हणून मला नक्कीच हसून शिवी दिली असती.

मी दुसरा रुपया काढला, चकचकीत, आणि तो तुमच्या ओटीत घातला. काळा मी परत आणला आहे. आत्ता तो माझ्या शिवणाच्या खणात, खडूशेजारी आहे आणि तिथेच राहणार. तुमचा निवाडा मला मान्य आहे, चूक माझीच. बटण मात्र तुम्ही दाबलंत ते फार बरं केलंत. नाहीतर मी पोर कोणाच्या घरी दिली, ते मला कधी कळलंच नसतं.